दंतवैद्यांची स्वतंत्र संशोधनाची वाट : अमेरिकेतील ‘के’ अनुदानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंतवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर दवाखाना न थाटता, किंवा दवाखान्याच्या जोडीने, संशोधनाचे काम आयुष्यभर करावे असे ठरवणारे विद्यार्थी थोडे असतात आणि त्यांना मिळणारी माहिती त्याहूनही थोडी असते. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून बीडीएस किंवा एमडीएस करून अमेरिकेत पीएचडीसाठी गेलेल्या अनेकांना ‘के’ अनुदानांचे नाव पहिल्यांदा ऐकू येते ते पीएचडी संपत आल्यावर, म्हणजे बराच उशीर झालेला असताना. या पानावरील प्रश्न मुख्यतः त्यांचे आहेत. उत्तरे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, नियमांना धरून आहेत. भारतात काम करू इच्छिणाऱ्यांसाठीचे उत्तर शेवटाकडे दिले आहे.

‘के’ अनुदान म्हणजे नेमके काय?

एनआयएचच्या बहुतेक अनुदान-प्रकारांना एक अक्षर आणि दोन अंक असे सांकेतिक नाव असते. ‘आर’ने सुरू होणारी अनुदाने संशोधन-प्रकल्पाला मिळतात, ‘टी’ने सुरू होणारी संस्थेच्या प्रशिक्षण-कार्यक्रमाला मिळतात, ‘एफ’ने सुरू होणारी बहुधा पीएचडीच्या किंवा त्यानंतरच्या टप्प्यावरील विद्यार्थ्याला मिळतात, आणि ‘के’ने सुरू होणारी अनुदाने माणसाच्या घडणीला मिळतात. ‘के’ अनुदानात प्रकल्प असतोच, परंतु परीक्षकांसमोरचा पहिला प्रश्न ‘हा प्रकल्प चांगला आहे का’ हा नसतो. ‘ही व्यक्ती काही वर्षांत स्वतःच्या नावावर, स्वतःच्या प्रश्नावर, स्वतःची प्रयोगशाळा चालवू शकेल का, आणि त्यासाठी तिला आज काय कमी पडते आहे’ हा असतो. अर्जातले प्रत्येक पान या प्रश्नाचे उत्तर देणारे असावे लागते. पहिल्यांदा अर्ज करणारे बहुतेक जण नेमके हेच विसरतात.

दंतवैद्यांसाठी हे पैसे कोण देते?

एनआयएचच्या छत्राखाली २७ संस्था आणि केंद्रे आहेत. त्यांपैकी दात, तोंड, जबडा आणि चेहऱ्याची हाडे यांच्या आजारांवर काम करणारी संस्था म्हणजे एनआयडीसीआर (राष्ट्रीय दंत व कवटी-चेहरा संशोधन संस्था). तिची स्थापना १९४८ साली झाली. तेव्हा तिच्या नावात फक्त दंतसंशोधन होते. १९९८ साली कवटी-चेहऱ्याच्या संशोधनाचा उल्लेख नावात आला. दंतवैद्यांचे बहुतेक ‘के’ अर्ज हिच्याकडे जातात. तथापि आपला विषय वेदनेचा मज्जासंस्थेशी असलेला संबंध किंवा मुखाचा कर्करोग असा असेल, तर एनआयएचमधील दुसरी संस्थाही योग्य ठरू शकते. ते अर्जाआधी विचारून घ्यावे.

दंतवैद्यांची वेगळी काळजी घेण्याची गरज का पडते? वैद्यकीय डॉक्टरांसारखेच नियम पुरेसे नाहीत का?

नियम बऱ्याच अंशी तेच आहेत, परिस्थिती मात्र वेगळी आहे. अमेरिकेतील दंतवैद्यकाचे शिक्षण अतिशय महाग असून, कर्ज काढून शिकलेल्या पदवीधराच्या डोक्यावरचे सरासरी शैक्षणिक कर्ज तीन लाख डॉलरच्या आसपास असते. पदवी हातात पडताच खासगी दवाखान्यात चांगली कमाई सुरू होऊ शकते, आणि संशोधनाचा रस्ता धरला तर पुढची आठ-दहा वर्षे त्या कमाईच्या अंशावर काढावी लागतात. शिवाय वैद्यकीय महाविद्यालयात एमडी-पीएचडी करणाऱ्यांची जशी मोठी परंपरा आहे तशी दंतमहाविद्यालयांत नाही. दंतमहाविद्यालयाचा कारभार विद्यार्थ्यांचे क्लिनिक चालवण्याभोवती फिरतो, आणि नव्या प्राध्यापकाला आठवड्यातले तीन-चार दिवस क्लिनिकमध्ये विद्यार्थ्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहावे लागते. अशा ठिकाणी संशोधनासाठी वेळ मागून मिळत नाही, तो पैशाने विकत घ्यावा लागतो. एनआयडीसीआरने १९८० च्या दशकातच दंतवैद्य-वैज्ञानिक घडवण्यासाठी खास अनुदाने सुरू केली ती याच कारणाने.

७५ टक्के वेळेची अट काय आहे? ती इतकी महत्त्वाची का मानली जाते?

बहुतेक ‘के’ अनुदानांत उमेदवाराने आपल्या पूर्णवेळ कामातील किमान ७५ टक्के वेळ, म्हणजे वर्षातले नऊ ‘व्यक्ति-महिने’, संशोधनाला आणि संशोधक म्हणून घडण्याला द्यावा लागतो. उरलेल्या २५ टक्क्यांत रुग्णसेवा, अध्यापन आणि प्रशासकीय कामे बसवायची असतात. आठवड्याच्या भाषेत सांगायचे तर साधारण सव्वा दिवस क्लिनिक आणि पावणेचार दिवस प्रयोगशाळा.

माझ्या मते ‘के’ अनुदानाचा सर्वांत मौल्यवान भाग हाच आहे. डॉलरची रक्कम पाहून अर्ज करणाऱ्यांना ते लवकर पटत नाही. महाविद्यालयाला एखाद्या दिवशी क्लिनिकमध्ये माणूस कमी पडला, सहकारी रजेवर गेला, परीक्षा आल्या, की सर्वांत आधी हात घातला जातो तो तरुण प्राध्यापकाच्या संशोधनाच्या वेळेत. ‘के’ अनुदान असेल तर विभागप्रमुखाला नकार देताना उमेदवाराच्या पाठीशी सरकारी करार उभा असतो. मात्र तो करार कागदावरच राहू नये यासाठी नेमणुकीच्या आधीच क्लिनिकचे दिवस कोणते, अध्यापनाचे तास किती, बदली माणूस कोण, हे विभागप्रमुखाकडून लिहून घ्यावे. संस्थेच्या हमीपत्रात ‘आम्ही पूर्ण सहकार्य करू’ असे वाक्य असण्यापेक्षा ‘सोमवार वगळता इतर दिवशी क्लिनिकची जबाबदारी दिली जाणार नाही’ असे वाक्य असणे परीक्षकांनाही जास्त विश्वसनीय वाटते.

के-०८ आणि के-२३ या प्रकारांत (त्यांची ओळख पुढच्या उत्तरात आहे) आणखी एक अट आहे : संस्थेने उमेदवाराला दिलेली नेमणूक हे अनुदान मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. ‘अनुदान मिळाले तर नोकरी देऊ’ असा पवित्रा घेणाऱ्या विभागाच्या भरवशावर अर्ज करू नये.

के-०८, के-२३ आणि के-९९/आर-०० यांत फरक काय? माझ्यासाठी कोणते?

के-०८ हे वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय पदवी असलेल्या व्यक्तीला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतील किंवा रुग्णाशी थेट संबंध न येणारे संशोधन करण्यासाठी असते. के-२३ रुग्णांवर आधारलेल्या संशोधनासाठी असते, म्हणजे ज्यात संशोधक स्वतः रुग्णांशी संपर्कात येतो. दोन्हींचा काळ तीन ते पाच वर्षांचा. हिरड्यांच्या पेशी काचेच्या तबकडीत वाढवून त्यांच्या दाहाचा अभ्यास करणारा उमेदवार पहिल्या प्रकारात बसतो. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार करून त्यांच्या रक्तातील साखरेचा मागोवा घेणारा दुसऱ्या प्रकारात.

के-९९/आर-०० ची रचना निराळी आहे. २००६ साली जाहीर झालेले हे अनुदान दोन टप्प्यांचे असून त्याचा एकूण काळ पाच वर्षांपर्यंतचा आहे. पहिला, के-९९ चा टप्पा एक ते दोन वर्षांचा, मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा प्रशिक्षणार्थी संशोधक, म्हणून काढायचा. दुसरा, आर-०० चा टप्पा तीन वर्षांपर्यंतचा, स्वतःची प्राध्यापकपदाची जागा मिळाल्यावर सुरू होणारा. अर्ज एकदाच होतो, पण दुसऱ्या टप्प्याचे पैसे आपोआप मिळत नाहीत. पूर्णवेळ टेन्यूर-ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची) किंवा तत्सम नेमणूक मिळवून ती एनआयएचला दाखवावी लागते. ज्यांना आधीच अशी नेमणूक आहे त्यांना हे अनुदान मिळत नाही. थोडक्यात, प्राध्यापक झालेल्याने के-०८ किंवा के-२३ पाहावे आणि पोस्टडॉक असलेल्याने के-९९/आर-००.

याखेरीज, दंतवैद्यकाची पदवी आणि पीएचडी अशा दोन्ही असलेल्यांसाठी एनआयडीसीआरने के-९९/आर-०० ची स्वतंत्र घोषणा, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, काढलेली आहे, आणि एनआयएचचे मुख्यालय असलेल्या बेथेस्डा येथील स्वतःच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या दंतवैद्यांना बाहेरच्या विद्यापीठात जाता यावे म्हणून के-२२ या प्रकाराचीही. अशा घोषणांना मुदत असते. त्या संपतात, नव्या क्रमांकाने पुन्हा निघतात किंवा निघत नाहीत. एखाद्या ज्येष्ठाने तीन वर्षांपूर्वी वापरलेल्या घोषणेवर विसंबून न राहता अर्ज करताना कोणती चालू आहे ते पाहावे.

घोषणेच्या नावात ‘क्लिनिकल ट्रायल आवश्यक’ किंवा ‘अनुज्ञेय नाही’ असे लिहिलेले असते. त्याकडे लक्ष द्यावे का?

अवश्य. एनआयएचची क्लिनिकल ट्रायलची व्याख्या सर्वसाधारण समजुतीपेक्षा बरीच व्यापक आहे. एखाद्या स्वयंसेवकाला विशिष्ट चूळ भरायला लावून लाळेतील बदल मोजणे हेदेखील तिच्यात बसू शकते. चुकीच्या घोषणेखाली भरलेला अर्ज परीक्षकांपर्यंत न पोहोचताच परत येऊ शकतो आणि चार महिन्यांची फेरी वाया जाते.

माझ्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही. मला काही मिळू शकते का?

के-०८ आणि के-२३ साठी अनुदान हातात पडेपर्यंत नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. के-९९/आर-०० साठी मात्र अशी अट नाही, आणि म्हणूनच भारतातून गेलेल्या दंतवैद्यांच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे दार आहे.

दार उघडे असले तरी व्हिसाचा हिशेब उमेदवारालाच करावा लागतो. आर-०० चा टप्पाही अमेरिकेतील संस्थेतच पार पाडायचा असतो. उमेदवाराचा व्हिसा त्या त्या टप्प्याला पुरेल याची खातरजमा करणे ही कागदोपत्री त्या टप्प्यातील संस्थेची जबाबदारी मानली जाते. जे-१, म्हणजे देवाणघेवाण-कार्यक्रमाच्या, व्हिसावर संशोधक म्हणून गेलेल्यास जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. शिवाय जे-१ धारकांपैकी काहींना मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट लागू होते. ज्या कौशल्य-यादीमुळे ही अट भारतीयांना लागत असे तिच्यातून भारताचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळले गेले, परंतु सरकारी निधीसारख्या अन्य कारणांनी ही अट लागू होऊ शकते. आपल्या व्हिसाच्या कागदावर काय लिहिले आहे ते पाहून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलावे, आणि हे बोलणे अर्ज लिहिण्याच्या आधी करावे. व्हिसाचे नियम अनुदानाच्या नियमांहूनही वेगाने बदलतात. मित्राच्या अनुभवावर इथे भिस्त ठेवू नये.

पीएचडी झाल्यावर किती वर्षांच्या आत के-९९ साठी अर्ज करावा लागतो?

सर्वसाधारण घोषणेनुसार अर्जाच्या वेळी पोस्टडॉक संशोधनाचा अनुभव चार वर्षांहून अधिक नसावा. ही मर्यादा पहिल्या अर्जाला लागू आहे तशीच सुधारून केलेल्या दुसऱ्या अर्जालाही लागू आहे, आणि हा मुद्दा लक्षात न आल्याने अनेकांची दुसरी संधी हुकते. चौथे वर्ष संपताना पहिला अर्ज केला, तर तो परत आल्यावर सुधारायला वेळच उरत नाही. म्हणून पहिला अर्ज दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस किंवा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस जावा असा बेत ठेवावा.

दंतवैद्यांच्या बाबतीत मोजणीला एक सूट आहे. रेसिडेन्सीत, म्हणजे पेरिओ, ऑर्थो किंवा ओरल सर्जरीसारख्या विशेष शाखेच्या पूर्णवेळ क्लिनिकल प्रशिक्षणात गेलेला काळ चार वर्षांत धरला जात नाही. संशोधनाला दिलेला काळच धरला जातो. या चार वर्षांत बाळंतपण झालेल्या महिलेला एक वर्षाची मुदतवाढ मागता येते. आजारपण, कुटुंबातील जबाबदारी अशा कारणांचाही विचार होतो, पण त्यासाठी आधी लेखी विनंती करावी लागते.

माझी पदवी भारतातील बीडीएस आहे. अमेरिकेत रुग्ण तपासण्याचा परवाना नाही. त्याने अडते का?

के-९९/आर-०० च्या सर्वसाधारण घोषणेसाठी संशोधनातील किंवा वैद्यकीय डॉक्टरेट दर्जाची पदवी पाहिली जाते, परवाना नव्हे. बीडीएसनंतर पीएचडी केलेल्याला तेथे अडचण येत नाही. दंतवैद्यांसाठीच्या खास घोषणांत आपली परदेशी पदवी समकक्ष धरली जाईल का, हे मात्र प्रोग्राम ऑफिसरला, म्हणजे त्या अनुदानाचे काम पाहणाऱ्या एनआयएचच्या अधिकाऱ्याला, ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. पुढे प्राध्यापक झाल्यावर क्लिनिकमध्ये काम करायचे असेल तर परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत महाविद्यालयापुरता मर्यादित परवाना मिळतो.

मला अजून पीएचडीसुद्धा करायची आहे. मग आत्ताच या साऱ्याचा विचार कशाला?

कारण पीएचडीचे पैसे कोणत्या मार्गाने येतात यावर पुढचा रस्ता ठरतो. अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या डीडीएस-पीएचडी (डीडीएस ही तेथील दंतवैद्यकाची पदवी) विद्यार्थ्यांसाठी एफ-३० ही दुहेरी पदवीची अधिछात्रवृत्ती आहे. भारतातून गेलेल्या दंतवैद्यांना ती मिळत नाही. पण काही विद्यापीठांतील एनआयडीसीआरच्या प्रशिक्षण-कार्यक्रमांना टी-९० आणि आर-९० अशी जोडअनुदाने मिळतात, आणि त्यांतील आर-९० च्या भागातून परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांना पीएचडीचे प्रशिक्षण घेता येते. विद्यापीठ निवडताना तेथे असा कार्यक्रम आहे का, याची चौकशी करणारे फार थोडे असतात.

मार्गदर्शक कसा असावा?

ज्याच्याकडे चालू असलेले अनुदान आहे, ज्याच्या हाताखालून आधी काही जण स्वतंत्र होऊन गेले आहेत, आणि ज्याला उमेदवाराने आपला प्रश्न सोबत घेऊन जाणे मान्य आहे, असा. तिन्ही गोष्टी एका माणसात न मिळाल्या तर दोन मार्गदर्शक आणि तिघा-चौघांची सल्लागार समिती करावी. दंतमहाविद्यालयात आपल्या विषयाचा जाणकार नसेल तर शेजारच्या वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी विभागातून घ्यावा. हाडांच्या यांत्रिक गुणधर्मांवर काम करणाऱ्याला अभियंता मार्गदर्शक असणे ही अर्जाची ताकदच असते.

अर्जात काय काय असते?

उमेदवाराची माहिती, घडणीचे उद्दिष्ट आणि संशोधनाची आखणी हे सगळे मिळून १२ पाने. त्याच्या आधी उद्दिष्टांचे एक पान. शिवाय जबाबदार संशोधन-आचाराच्या प्रशिक्षणाची योजना, मार्गदर्शकांची निवेदने, संस्थेचे हमीपत्र, उपलब्ध सोयींचे वर्णन आणि अंदाजपत्रक.

परीक्षक पाच गोष्टींना गुण देतात : उमेदवार, घडणीची योजना, संशोधनाची योजना, मार्गदर्शक आणि संस्थेचे वातावरण. गुण १ ते ९ या पट्टीवर असतात आणि १ हा सर्वांत चांगला. भारतातल्या गुणपत्रिकेची सवय असलेल्यांना ही उलटी मोजणी पहिल्यांदा दचकवते. एकंदर गुण १० ते ९० च्या दरम्यान येतात.

घडणीची योजना हा भाग बहुतेकांचा कच्चा राहतो. ‘मी संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम करीन, परिषदांना जाईन’ एवढ्याने काम भागत नाही. समजा, एखादी उमेदवार पेरिओमध्ये एमडीएस असून तिची पीएचडी सूक्ष्मजीवशास्त्रात झाली आहे, आणि आता तिला हिरड्यांच्या ऊतीतील एकेका पेशीची जनुकीय नोंद वाचायची आहे. तिला कमी काय पडते? त्या नोंदींचे संगणकीय विश्लेषण. मग कोणत्या वर्षी, कोणाच्या प्रयोगशाळेत, किती महिने बसून ती ते शिकणार, आणि शिकलेले संशोधनाच्या कोणत्या उद्दिष्टात वापरणार, हे इतके स्पष्ट लिहावे की प्रशिक्षण काढून घेतले तर प्रकल्प अडेल आणि प्रकल्प काढून घेतला तर प्रशिक्षणाला अर्थ उरणार नाही. आपल्याला काय येत नाही ते मोकळेपणाने लिहिण्याचा आपल्याकडे संकोच असतो. या अर्जात तीच कबुली पैशाचे समर्थन ठरते.

माझे काम मार्गदर्शकाच्या कामापेक्षा वेगळे आहे हे कसे दाखवू? मी तर त्याच्याच प्रयोगशाळेत आहे.

या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर केवळ अर्जाच्या भाषेत सापडत नाही.

स्वातंत्र्य म्हणजे मार्गदर्शकाशी काडीमोड घेणे नव्हे. स्वातंत्र्य म्हणजे असा एक प्रश्न आपल्याजवळ असणे, ज्याचे उत्तर मार्गदर्शक स्वतः शोधत नाही आणि उद्या शोधू लागणारही नाही. मार्गदर्शक दुभंगलेल्या टाळूच्या उंदरांमधील एका जनुकाचा अभ्यास करत असेल आणि उमेदवाराचा अर्ज त्याच जनुकाच्या शेजारच्या जनुकाचा असेल, तर परीक्षक सरळ विचारतात : हा प्राध्यापक होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर त्या दोघांत स्पर्धा होणार नाही का? त्याऐवजी उमेदवाराने टाळू शस्त्रक्रियेने जोडल्यानंतर व्रण कसा भरतो आणि चेहऱ्याची वाढ का खुंटते हा प्रश्न घेतला, तर उंदीर तेच, साधने तीच, परंतु प्रश्न त्याचा स्वतःचा होतो. असा प्रश्न शस्त्रक्रिया पाहिलेल्या दंतवैद्याला सुचण्याची शक्यता जास्त असते. क्लिनिकमध्ये काढलेली वर्षे संशोधनात वाया गेली असे मानणाऱ्या दंतवैद्यांनी याचा जरूर विचार करावा. खुर्चीत बसलेल्या रुग्णाने दिलेला प्रश्न हे त्यांचे असे भांडवल आहे, जे निव्वळ पीएचडी झालेल्या स्पर्धकापाशी नसते.

मार्गदर्शकाशी हे बोलणे तोंडी न ठेवता लेखी करावे. कोणते उंदीर, कोणते नमुने, कोणता विदा आणि कोणता विषय उमेदवार सोबत नेईल, हे मार्गदर्शकाने आपल्या निवेदनात स्पष्ट लिहिले पाहिजे. गुरूसमोर असा विषय काढणे आपल्या संस्कारात बसत नाही, हे मान्य आहे. तरी ते बोलणे आज टाळले तर पाच वर्षांनी ते अधिक कटू स्वरूपात करावे लागते, आणि चांगले मार्गदर्शक या विचारण्याचा राग मानत नाहीत.

शिफारसपत्रे किती आणि कोणाची?

किमान तीन, जास्तीत जास्त पाच. अर्जातील मार्गदर्शकांची पत्रे यात धरली जात नाहीत. पत्र लिहिणारा ते स्वतः एनआयएचच्या संगणक-प्रणालीत भरतो आणि त्याची अंतिम तारीख अर्जाचीच असते. महाराष्ट्रातील आपल्या जुन्या विभागप्रमुखांचे पत्र घ्यायचे असल्यास त्यांना प्रणाली समजावून सांगायला पुरेसा वेळ द्यावा.

अर्जाच्या तारखा कोणत्या, आणि निर्णय कधी कळतो?

नव्या ‘के’ अर्जांसाठी ठरलेल्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर; सुधारित अर्जांसाठी १२ मार्च, १२ जुलै आणि १२ नोव्हेंबर. तज्ज्ञ परीक्षकांची समिती आणि नंतर संस्थेची सल्लागार परिषद अशा दोन पायऱ्या असल्याने अर्जापासून पैसे हाती येईपर्यंत नऊ-दहा महिने सहज जातात. विद्यापीठाचे अनुदान-कार्यालय अर्ज काही दिवस आधी मागते. आपली खरी अंतिम तारीख तीच समजावी.

पैसे किती आणि कशासाठी वापरता येतात?

उमेदवाराचा पगार आणि त्याच्या संशोधन व प्रशिक्षणाचा खर्च यांसाठी. दोन्हींच्या मर्यादा एनआयएचमधील प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. मार्गदर्शकाचा पगार यातून देता येत नाही. के-०८, के-२३ आणि के-९९ मध्ये विद्यापीठाला अप्रत्यक्ष खर्चापोटी, म्हणजे इमारत, वीज, प्रशासन यांसाठी, फक्त ८ टक्के मिळतात. आर-०० च्या टप्प्यात अप्रत्यक्ष खर्च धरून वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत रक्कम असते.

आर-०० घेऊन नव्या विद्यापीठात जाताना काय सांभाळावे?

नवे विद्यापीठ प्रयोगशाळा उभारण्यासाठी जे सुरुवातीचे पैसे देते ते आर-०० मिळाल्याच्या कारणाने कमी करता येत नाहीत. एनआयएचचा हा स्पष्ट नियम आहे, आणि वाटाघाटीच्या टेबलावर तो शांतपणे पुढे ठेवावा. नेमणुकीच्या पत्रात जागा, साधने, पगार आणि ७५ टक्के संरक्षित वेळ यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. दंतमहाविद्यालयात जात असाल तर क्लिनिकच्या दिवसांचा आकडाही.

अर्ज नामंजूर झाला तर?

परीक्षकांचे लेखी अभिप्राय मिळतात. ते वाचून पहिल्या दिवशी काहीही लिहू नये. आठवड्याने मार्गदर्शकासह पुन्हा वाचावे आणि प्रोग्राम ऑफिसरशी फोनवर बोलावे. तो समितीची चर्चा ऐकत बसलेला असतो, आणि कोणता आक्षेप मुळावर होता व कोणता ओघात आला हे त्याच्याकडून कळू शकते. सुधारित अर्ज ३७ महिन्यांच्या आत एकदा करता येतो. त्यात एका पानाचे उत्तर जोडायचे असते. परीक्षकाने गैरसमज करून घेतला असे वाटले, तरी आपले लिहिणेच अस्पष्ट राहिले असे धरून उत्तर लिहावे. बहुतेक वेळा ते खरेही असते.

शैक्षणिक कर्जाचे काय?

नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी एनआयएचचा कर्जफेड-कार्यक्रम आहे. आठवड्यातले किमान २० तास संशोधन करण्याच्या बदल्यात वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत कर्ज फेडले जाते. पहिला करार बहुधा दोन वर्षांचा असतो. ‘के’ अनुदानासोबतही तो घेता येतो.

‘के’ संपल्यावर पुढे काय?

पुढचा टप्पा म्हणजे आर-०१, जे स्वतंत्र संशोधकाचे मुख्य अनुदान मानले जाते. शेवटची संशोधन-पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षण यांपैकी जे नंतर पूर्ण झाले त्यापासून दहा वर्षांपर्यंत उमेदवाराला ‘प्रारंभिक टप्प्यातील संशोधक’ मानले जाते आणि त्याच्या आर-०१ अर्जाकडे वेगळ्या सहानुभूतीने पाहिले जाते. ‘के’ किंवा आर-०० घेतल्याने हा दर्जा जात नाही. ‘के’च्या अखेरच्या दोन वर्षांत आर-०१ मिळाले तर ‘के’वरचा वेळ ७५ वरून ५० टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, आणि दोन्ही अनुदाने सोबत चालतात. म्हणून आर-०१ चा पहिला अर्ज ‘के’च्या तिसऱ्या वर्षात लिहायला घ्यावा.

मला भारतातच राहायचे आहे, किंवा परत यायचे आहे. येथे असे काही आहे का?

आहे, आणि त्याला इतिहासही आहे. दंतवैद्य असलेल्या डॉ. फली मेहता यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा विभाग उभा केला आणि १९६० च्या दशकापासून तंबाखू व मुखकर्करोग यांच्या संबंधाचा गावोगाव फिरून अभ्यास केला. महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांच्या तोंडाची तपासणी करून त्यांच्या गटाने काढलेले निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्या गटाच्या कामाला एनआयएचचाही निधी मिळालेला होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले, हे लक्षात घेता तो प्रश्न अजून संपलेला नाही, आणि तो येथल्या दंतवैद्याइतक्या जवळून कोणाला दिसत नाही.

आजच्या घडीला ‘के’ अनुदानाच्या सर्वांत जवळ जाणारी योजना म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या ‘इंडिया अलायन्स’ची अधिछात्रवृत्ती. २००८-०९ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्यता दिली असून त्यासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यातील १,००० कोटी सरकारचे आणि ५०० कोटी वेलकमचे. क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य या शाखेत दंतवैद्यही अर्ज करू शकतात. अर्जदार भारतीयच असला पाहिजे असे नाही, काम मात्र भारतातील संस्थेत व्हावे लागते. अडचण पैशाची कमी आणि संस्थेची जास्त आहे. शिकवणे आणि ओपीडी यांत बुडालेल्या महाविद्यालयात ही अधिछात्रवृत्ती चालवणे कठीण जाते, त्यामुळे एखाद्या संशोधन-संस्थेशी किंवा कर्करोग-केंद्राशी जोडून अर्ज करावा.

बीडीएसला असलेल्या विद्यार्थ्यांनी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी-संशोधन योजना पाहावी. १९७९ पासून चालू असलेली ही योजना एमबीबीएसप्रमाणे बीडीएसलाही खुली आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प असतो, पण प्रश्न मांडण्याची, नैतिकता-समितीची परवानगी घेण्याची आणि अहवाल वेळेत देण्याची पहिली शिस्त तेथेच लागते.

प्रोग्राम ऑफिसरला पहिल्यांदा लिहिताना काय लिहावे?

अर्जाच्या तारखेआधी किमान तीन-चार महिने लिहावे. पत्र दहा ओळींहून मोठे नसावे : आपली पदवी आणि तिचे वर्ष, आजची नेमणूक, पोस्टडॉकचे महिने, व्हिसाची स्थिती आणि कोणत्या घोषणेखाली अर्ज करायचा आहे तिचा क्रमांक. सोबत उद्दिष्टांचे एक पान जोडावे आणि तीनच गोष्टी विचाराव्यात : मी पात्र आहे का, माझा विषय या संस्थेच्या कक्षेत बसतो का, आणि पंधरा मिनिटे बोलण्यासाठी वेळ मिळेल का. उत्तर दहा दिवसांत आले नाही तर नम्रपणे पुन्हा लिहावे. प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर देणे हा त्या व्यक्तीच्या कामाचाच भाग आहे, आणि दूरच्या देशातल्या लहान महाविद्यालयातून आलेल्या उमेदवारानेही ते पत्र संकोच न करता पाठवावे.